डिशवॉशरमध्ये मीठ भरूनही काचेवर पांढरा थर: चूक पाण्याची, मिठाची की सेटिंगची?

कढई_घाशी

12 प्लेस-सेटिंगचं (बारा जणांची भांडी मावणारं) मशीन आहे, तळाशी डाव्या बाजूला मिठाचं झाकण असलेलं. रोज रात्री एकदा चालतं, 65 अंशांचा प्रोग्रॅम, ऑल-इन-वन टॅब्लेट. रिन्स एड (शेवटच्या खंगाळण्यात पाणी भांड्यांवरून निथळावं म्हणून घालायचं द्रव) भरलेलं असतं. पहिले दोन महिने भांडी लख्ख निघत होती. आता काचेचे ग्लास धुरकट दिसतात, स्टीलच्या ताटांवर पांढरे ठिपके राहतात आणि टबच्या दारावर आतून खरखरीत थर हाताला लागतो.

पाणी पुण्याच्या पश्चिम उपनगरातल्या सोसायटीचं: थोडं महापालिकेचं, बाकी बोअर आणि टँकर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर 780 येतं. मीठ भरलेलंच आहे, लाल दिवा लागलेला नाही. उलट एक किलो मीठ चार महिन्यांहून जास्त पुरलं, म्हणजे मशीन काटकसरी आहे असं वाटत होतं.

प्रश्न असे:
टॅब्लेटच्या खोक्यावर 'सॉल्ट फंक्शन' लिहिलंय, मग वेगळं मीठ लागतं का? डिशवॉशरच्या मिठाऐवजी वाण्याकडचं जाडं मीठ चालेल का? आणि 780 टीडीएसला मशीनवर कोणतं सेटिंग ठेवायचं?

पाणक्या

सुरुवात मिठाच्या कामापासून करू, कारण नावामुळे घोटाळा होतो. ते मीठ भांडी घासत नाही. भांड्यांपर्यंत ते पोचतच नाही, आणि पोचलं तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

मशीनच्या पोटात एक सॉफ्टनर असतो. त्यात रव्यासारखे बारीक रेझिनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर सोडियम चिकटलेलं असतं. नळाचं पाणी त्यातून जाताना पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यांवर बसतं, त्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. कॅल्शियम गेलं की पाणी मऊ झालं. काही धुण्यांनंतर दाणे कॅल्शियमने भरतात. मग मशीन मिठाच्या टाकीतलं घट्ट मीठपाणी त्या दाण्यांवरून सोडतं. सोडियमचा लोंढा आला की कॅल्शियम सुटतं आणि ते पाणी थेट ड्रेनमध्ये जातं. याला रीजनरेशन म्हणतात. थोडक्यात, टॅब्लेट भांडी धुते आणि मीठ रेझिन धुतं.

रीजनरेशन किती वेळा करायचं हे ठरवतं मशीनवरचं पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंग. बहुतेक मशीनना पाणी कसं आहे ते स्वतःहून कळत नाही, तुम्ही सांगाल ते खरं. म्हणून 'मीठ भरलंय' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. टाकी काठोकाठ भरलेली आणि सेटिंग खालचं, अशी मशीनं जागोजागी सापडतील. तुमचं मीठ फार दिवस पुरतंय, मला तोच पहिला पुरावा वाटतो.

आता टीडीएस. 780 या आकड्यावरून सेटिंग ठरवता येत नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं. त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचा टीडीएस प्रचंड असतो, पण त्यात सोडियमचा वाटा मोठा. दख्खनच्या बसाल्टमधल्या बोअरला कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. मीटरवर दोन्हीकडे 1000 दिसू शकतं, डिशवॉशरच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी पाणी आहेत.

मोजायचं ते एकूण कठीणपण, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती ते, शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन पाणी'. घरी मोजायला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं जीएच (एकूण कठीणपण) टेस्ट किट सगळ्यात सोयीचं. केएच लिहिलेलं घेऊ नका, ते दुसरंच काही मोजतं. नळीत 5 मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, रंग पूर्ण बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे 1 जर्मन अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या (चुन्याच्या) हिशोबात लिटरला 17.8 मिलिग्रॅम. (लॅबच्या अहवालात 'टोटल हार्डनेस' मिलिग्रॅममध्ये असेल तर 17.8 ने भागा.) पट्टीवाली किटंही मिळतात, पण आपल्याकडच्या जड पाण्यात बऱ्याचशा पट्ट्या शेवटच्या रंगावर जाऊन थांबतात आणि त्यापुढचं काही कळत नाही.

अंदाजासाठी: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या परीक्षेत पास झालेलं पाणीही मशीनच्या दृष्टीने जवळपास 34 जर्मन अंशांचं, अगदी जड असू शकतं.

पाणी नेहमीच्या वापराच्या नळाचं घ्या, आरओचं नको. टँकर आल्यावर एकदा आणि महापालिकेचं चालू असताना एकदा, असं दोनदा मोजा. आकडे इथे लिहा. मशीनवर आत्ता कोणतं सेटिंग आहे तेही बघा.

पान्हा_दहा_बारा

वर पाणक्यांनी लिहिलंय ते बरोबर. मीठ भरण्याबद्दल मी लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

मीठ भरायची वेळ म्हणजे भांडी लावून झाली, आता बटण दाबायचं, त्याच्या लगेच आधी. धुणं झाल्यावर 'उद्यासाठी भरून ठेवू' असं करायचं नाही. भरताना टाकीतलं मीठपाणी उसळून टबमध्ये सांडतंच, आणि ते रात्रभर स्टीलवर राहिलं की तिथे बारीक खड्डे पडून गंज धरतो. स्टेनलेस स्टीलला सगळ्यात जास्त खातं ते क्लोराइड. सांडलं, लगेच मशीन चालू केलं, धुऊन गेलं, विषय संपला.

खालचा रॅक बाहेर काढा, झाकण उघडा. अगदी पहिल्या वेळी टाकीत साधारण एक लिटर साधं पाणी ओतायचं, म्हणजे कोरडं मीठ भिजून मीठपाणी तयार होतं. त्यानंतर पुन्हा कधीही पाणी ओतायचं नाही, आत पाणी असतंच. दर वेळी पाणी ओतत राहणारे लोक आहेत. त्यांचं मीठपाणी पातळ होतं आणि मग तक्रार येते की मीठ घालूनही फरक नाही. सोबत आलेलं नरसाळं लावून मीठ ओता. पहिल्या वेळी मशीनप्रमाणे एक ते दीड किलो बसतं, पुढे कमी. जेवढं मीठ आत जाईल तेवढं पाणी बाहेर येईल, घाबरू नका. काठाला दिसू लागलं की थांबा.

मग आटे आणि रबराची रिंग ओल्या फडक्याने पुसा. हे लोक विसरतात. मिठाचा एक दाणा रिंगेखाली राहिला तरी झाकण नीट बसत नाही. झाकण ढिलं असेल तर धुण्याचं पाणी टाकीत शिरतं आणि मीठपाणी टबमध्ये येतं. मग भांडी धुरकट, चाटून बघितलं तर खारट, आणि किलोभर मीठ पंधरा दिवसांत गायब. घट्ट म्हणजे हाताने घट्ट. पाना-पक्कड घ्याल तर आटे तुटतील.

त्यानंतर पूर्ण प्रोग्रॅम. पाच-दहा मिनिटांच्या नुसत्या प्री-रिन्सवर भागवू नका, रॅकखाली आणि जाळीत सांडलेलं मीठ त्यात पुरतं निघत नाही.

दिव्याबद्दल: भरल्यावर लगेच विझला नाही तर काही तास थांबा. टाकीत तरंगणारा एक ठोकळा असतो, मीठपाणी दाट झालं की तो वर येतो आणि दिवा जातो. दुसऱ्या दिवशीही जळत असेल तर आत मिठाचा गोळा झालाय का बघा. लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच ढवळलं की सुटतो.

आणि सगळ्यात महाग चूक: मिठाच्या टाकीत डिटर्जंट पावडर. दोन्ही पांढरी, दोन्ही डबे एकाच कपाटात, घरात मदतीला येणाऱ्या मावशींना कुणी सांगितलेलं नसतं. असं झालं तर मशीन चालू करू नका. चालू केलं की पावडर रेझिनमध्ये जाते आणि बहुतेक वेळा सॉफ्टनरच बदलावा लागतो. बंद ठेवून सर्व्हिसवाल्याला बोलवा. मिठाच्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'मीठ – खाली' आणि पावडरच्या डब्यावर 'साबण – दारात' एवढं लिहून ठेवलं की पुरतं.

मीठभाकर

जाड्या मिठाच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. समुद्रातून काढा, खाणीतून काढा, रेणू तोच. डिशवॉशरचं मीठ हे त्याच मिठाचं महागडं पाकीट आहे. आयोडीनची भीती घालतात, पण ते असतं किती? जाडं मीठ सरळ वापरा, मशीनला काही होत नाही.

पाणक्या

मीठभाकर, आयोडीनबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. खाण्याच्या मिठात आयोडीन किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतं. तेवढ्याने रेझिनचं काही बिघडत नाही, तो बागुलबुवाच आहे. अडचण बाकीच्या गोष्टींची.

जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं, बरणीच्या तळाशी पाणी सुटतं. का सुटतं? त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शुद्ध सोडियम क्लोराइड इतक्या सहज ओलं होत नाही. म्हणजे ज्या मॅग्नेशियमला रेझिनवरून हाकलायचं, तेच तुम्ही मीठपाण्यातून परत पाठवताय. त्याने रीजनरेशन पूर्ण होत नाही. एकदा वापरलं म्हणून काही कळणार नाही, वर्षभर वापरलं तर कळेल. शिवाय मिठागरातल्या मिठात बारीक माती आणि न विरघळणारा गाळ असतो. काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात दोन मोठे चमचे जाडं मीठ विरघळवा आणि तासाभराने तळाशी बघा. तो गाळ टाकीच्या जाळीत आणि पुढे रेझिनमध्ये साठतो, आणि ते रेझिन घरी उघडून धुता येत नाही.

टेबल सॉल्ट गाळाच्या बाबतीत स्वच्छ असतं, पण दाणा फार बारीक. पाण्यात बसलं की सिमेंटसारखा थर होतो आणि मीठपाणी बाहेर जायची वाट बुजते. ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थही असतात, त्यांतले काही पाण्यात विरघळत नाहीत. सैंधव तर नकोच. त्याचा गुलाबी रंगच मुळी लोहाचा, आणि लोह रेझिनवर बसलं की साध्या मीठपाण्याने सहज सुटत नाही.

डिशवॉशरच्या मिठाचा दाणा मुद्दाम मोठा, काही मिलिमीटरचा ठेवलेला असतो. दाण्यांमधून पाणी फिरतं, गोळा होत नाही. शुद्धता 99 टक्क्यांच्या वर. पाकिटावर घटक फक्त सोडियम क्लोराइड हवा. एवढं जमलं की ब्रँड कोणताही घ्या, स्वस्तातला घ्या, मशीनच्या कंपनीचाच घ्यायची गरज नाही. 'महागडं पाकीट' हा तुमचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

खर्चाचा हिशोब करून बघा. एका धुण्याला 10 लिटर पाणी आणि कठीणपण लिटरला 400 मिलिग्रॅम धरा. म्हणजे 4 ग्रॅम चुना काढायचा. रसायनशास्त्राच्या हिशोबाने त्याला किमान 4.7 ग्रॅम मीठ लागतं. प्रत्यक्षात रीजनरेशन इतकं काटेकोर नसतं, दुपटी-तिपटीने धरा: 10 ते 14 ग्रॅम. मीठ किलोला 100 रुपये पडलं तरी धुण्यामागे एक-दीड रुपया. यात वाचवून किती वाचणार?

कढई_घाशी

मोजलं. टँकर-बोअरचं पाणी: 27 थेंब. महापालिकेचं: 4 थेंब! इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. सोसायटीच्या टाकीत दोन्ही एकत्र होतं आणि आठवड्यातले चार-पाच दिवस टँकरच असतो.

मशीनवर सेटिंग H04 आहे. मी कधी हात लावलेला नाही, बसवताना बदललं असेल असं समजून चालले होते.

आणि टॅब्लेटचा प्रश्न राहिलाच. ग्लास कायमचे गेले की वाचतील, तेही सांगा.

पाणक्या

सापडलं. H00 ते H07 अशी पायरी असलेल्या जर्मन धाटणीच्या मशीनमध्ये H04 म्हणजे 13 ते 16 अंश, आणि बहुतेक मशीन कारखान्यातून याच सेटिंगवर येतात. तुमचं पाणी 27. H05 हे 17 ते 21 साठी, H06 हे 22 ते 30 साठी आणि H07 हे 31 ते 50 साठी. तुम्हाला H06 हवं. (दुसऱ्या कंपन्यांच्या पायऱ्या वेगळ्या असतात, आपापल्या पुस्तिकेतला तक्ता बघा. हा तक्ता उचलून दुसऱ्या मशीनला लावू नका.)

झालं असं की मशीन 16 अंशांच्या पाण्याच्या हिशोबाने रीजनरेशन करत होतं. 27 अंशांच्या पाण्याने रेझिन त्याच्या खूप आधीच भरत होतं. मधली कित्येक धुणी जवळपास टँकरच्या कच्च्या पाण्याने झाली. वरचाच हिशोब 27 अंशांना लावला तर धुण्यामागे 11 ते 17 ग्रॅम, म्हणजे रोज एक धुणं धरून किलोभर मीठ दोन-तीन महिन्यांत संपायला हवं. तुमचं चार महिन्यांहून जास्त पुरलं. काटकसर नव्हे, उपासमार चालली होती.

मिसळीच्या पाण्याला सेटिंग जड पाण्याचं ठेवायचं. त्यात तोटा एवढाच की मऊ पाण्याच्या दिवसांत थोडं मीठ आणि थोडं पाणी जास्त जाईल. पावसाळ्यानंतर टँकर बंद होऊन फक्त 4 अंशांचं पाणी महिनोन्महिने मिळत असेल तर मात्र खाली आणा. बोअरचा आकडा मे महिन्यात वेगळा आणि सप्टेंबरमध्ये वेगळा येतो, तेव्हा वर्षातून दोनदा किट काढलेलं बरं.

टॅब्लेटमधलं 'सॉल्ट फंक्शन' म्हणजे मीठ नव्हे. त्यात कॅल्शियमला धरून ठेवणारे पदार्थ असतात: सायट्रेट, फॉस्फोनेट, पॉलिमर. ते धुण्याच्या पाण्यातच काम करतात, रेझिनला त्यांचा उपयोग शून्य. शिवाय टॅब्लेट मुख्य धुण्यात विरघळते आणि ते पाणी फेकलं जातं. शेवटच्या रिन्सला नवं पाणी येतं तेव्हा टॅब्लेटचा फार थोडा अंश उरलेला असतो. भांड्यावर सुकतं ते या शेवटच्या पाण्याचं. म्हणूनच अशा टॅब्लेटवर 21 अंशांपर्यंतच भिस्त ठेवा असं मशीनच्या पुस्तिकांत सांगितलेलं असतं. 27 ला मीठ हवंच.

एक उलटी गोष्टही सांगून ठेवतो. जड पाण्यात भांडी धुरकट निघाली की लोक डिटर्जंट वाढवतात. डिटर्जंटमधला सोडा कॅल्शियमशी मिळून आणखी पांढरा साका करतो. थर जाडच होतो.

पान्हा_दहा_बारा

ग्लासांची परीक्षा सोपी. धुरकट भागावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटं थांबा, धुऊन पुसा. तेवढा भाग स्वच्छ झाला तर चुन्याचा थर आहे, ग्लास वाचला. काहीच फरक नाही आणि प्रकाशात धरल्यावर इंद्रधनुषी किंवा ओरखड्यांसारखं दिसतंय, तर काचच झिजलीय. ते कशानेही परत येत नाही.

काच झिजते ती चुन्याने नाही, बहुतेक वेळा उलट कारणाने: फार मऊ पाणी, फार गरम प्रोग्रॅम, जास्त डिटर्जंट. सोसायटीत किंवा घरात आधीच सॉफ्टनर प्लांट असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. प्लांट नीट चालत असेल तर नळाला 2-3 थेंबच येतील. मग मशीनचं सेटिंग सगळ्यात खाली आणि ग्लासांना 50 अंशांच्या आसपासचा प्रोग्रॅम. पण आधी मोजा, कारण सोसायटीचे प्लांट बऱ्याचदा नावाला असतात. ऑपरेटर मीठ टाकायला विसरला की आठवडाभर पाणी होतं तसंच येतं.

आता तुमचं मशीन आतून साफ करून घ्या, नाहीतर सेटिंग बदलूनही जुना थर महिनाभर निघत राहील आणि तुम्ही म्हणाल उपयोग झाला नाही. तळाची जाळी काढून ब्रशने धुवा. वरचा-खालचा फिरणारा पंखा निघत असेल तर काढा आणि भोकं टाचणीने मोकळी करा, चुना तिथे हमखास अडकतो. मग रिकाम्या मशीनमध्ये, टबच्या तळाशी, 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून 50-55 अंशांचा प्रोग्रॅम. टॅब्लेट घालू नका, ती अल्कली, हे आम्ल, दोन्ही एकमेकांना मारतात. 70 अंशांचा प्रोग्रॅमही नको. फार गरम पाण्यात सायट्रिकचा कॅल्शियमशी मिळून विरघळायला अवघड असा क्षार बनतो आणि एकाच्या जागी दुसरा थर बसतो. दार खरखरीतच राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. सायट्रिक मिठाच्या टाकीत जाणार नाही एवढं बघा, झाकण लावलेलं असू द्या.

व्हिनेगर दर आठवड्याला ओतायची एक टूम आहे. ती नको, रबरी वॉशरना ते सोसत नाही.

हडसनकाठ

इथे अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. इकडच्या बऱ्याच मशीनना आत सॉफ्टनर नसतो, त्यामुळे मिठाची टाकीही नसते. तळाशी स्क्रूचं झाकण दिसत नसेल तर मीठ घालायचंच नाही, टबमध्येही नाही आणि डिटर्जंटच्या कप्प्यातही नाही. 'डिशवॉशरमध्ये मीठ घालतात' एवढंच ऐकून कप्प्यात मूठभर मीठ टाकणारे असतात. त्याने पाणी मऊ होत नाही, फक्त स्टील आणि हीटर गंजतो. जड पाण्याच्या गावात इकडे रिन्स एड वाढवणं, सायट्रिक अ‍ॅसिड असलेलं बूस्टर वापरणं किंवा पूर्ण घरालाच सॉफ्टनर बसवणं, हेच मार्ग. इकडच्या अहवालात कठीणपण 'ग्रेन' मध्ये असतं, एक ग्रेन म्हणजे लिटरला 17.1 मिलिग्रॅम. जर्मन अंशाच्या इतकं जवळ की थेंब आणि ग्रेन एकच धरले तरी फार बिघडत नाही.

लंडनकडचे असतील तर उलट स्थिती: पाणी खडूच्या थरातून येतं, चांगलंच जड, आणि मशीनना टाकी असते. तिकडे पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की कठीणपणाचा आकडा मिळतो, किटचीही गरज नाही.

कढई_घाशी

व्हिनेगरची परीक्षा केली. सहापैकी चार ग्लास चुन्याचे निघाले, दोन खरंच झिजलेत. ते दोन आधीच्या भाड्याच्या घरातले जुने आहेत. H06 केलं, सायट्रिक दोनदा चालवलं, दार गुळगुळीत झालं.

पण स्टीलच्या ताटांवर थोडे ठिपके अजून दिसतात. ओल्या फडक्याने लगेच जातात. आणि सॉफ्टनर आता खरंच काम करतोय हे कसं कळणार? मीठ संपायची दोन महिने वाट बघायची का?

पाणक्या

ओल्या फडक्याने लगेच जाणारे ठिपके चुन्याचे नव्हेत. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो. 780 टीडीएसचं पाणी आतून जाऊन बाहेर येतं तेव्हाही टीडीएस 780 च्या आसपासच असतो. ते पाणी ताटावर सुकलं की सोडियमचे क्षार दिसणार. फरक एवढाच की ते पाण्यात विरघळतात, चिकटून बसत नाहीत. यावर औषध मीठ नव्हे, रिन्स एड. एक पायरी वाढवा. पाण्याचे गोल ठिपके म्हणजे रिन्स एड कमी. निळसर झाक किंवा रेघा म्हणजे जास्त, मग परत एक पायरी खाली. ताटं रॅकमध्ये थोडी तिरकी लावा आणि धुणं संपल्यावर दार चार बोटं उघडं ठेवा. एवढ्या टीडीएसला शून्य ठिपके मिळणार नाहीत, तो हट्ट सोडा.

सॉफ्टनर तपासायला दोन महिने थांबायला नको. रिकामं मशीन, डिटर्जंट नाही, खालच्या रॅकमध्ये एक स्वच्छ वाटी सरळ ठेवा आणि प्री-रिन्स चालवा. वाटीत साचलेलं पाणी किटच्या नळीत 5 मिली घ्या आणि थेंब मोजा. त्याच दिवशी नळाचंही मोजा, नाहीतर महापालिकेचं पाणी चालू असायचं आणि सॉफ्टनरला उगाच शाबासकी मिळायची. रीजनरेशन प्रत्येक धुण्याला होत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी करा.

त्याच वाटीत टीडीएस मीटरही बुडवून बघा. नळापेक्षा थोडा जास्त असेल तर हरकत नाही. दुप्पट दिसला तर मिठाच्या टाकीचं झाकण गळतंय.

पान्हा_दहा_बारा

नळाला 27 आणि वाटीला 0 ते 3-4 थेंब: सॉफ्टनर ठणठणीत. दोन्ही दिवशी वाटीला 10 च्या वर: आधी मिठाची पातळी आणि झाकण बघा, मग सेटिंग खरंच सेव्ह झालंय का बघा. काही मशीनमध्ये शेवटी बटण दाबून धरलं नाही तर जुनंच राहतं. हे सगळं ठीक असून वाटीला नळाइतकेच थेंब येत असतील आणि मीठ हलतच नसेल, तर रीजनरेशनचा व्हॉल्व्ह उघडत नाहीये. सर्व्हिसला फोन करताना 'भांडी पांढरी निघतात' असं सांगू नका, माणूस येऊन रिन्स एडची बाटली विकून जाईल. 'नळाला 27 अंश, आतल्या पाण्यालाही 27, मीठ कमी होत नाही, रीजनरेशन व्हॉल्व्ह तपासा' असं सांगा.